परदेशातील एमबीए आणि कारकिर्दीचे वळण

परदेशात जाऊन एमबीए करणाऱ्याच्या कारकिर्दीत मुख्यतः तीन गोष्टी बदलू शकतात: कामाचे स्वरूप, उद्योगक्षेत्र आणि देश. समजा, वसईच्या विद्यावर्धिनी अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन पाच वर्षे सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रॅमिंग केलेली एखादी तरुणी एमबीएनंतर मुंबईतल्या बँकेत गुंतवणूक सल्लागार झाली, तर तिचे काम आणि क्षेत्र दोन्ही बदलले. हेच काम तिने टोरांटोत मिळवले, तर देशही बदलला. एका वेळी जितक्या गोष्टी बदलायच्या, तितकी पहिली नोकरी मिळणे अवघड. वसई-विरारसारख्या शहरात या शिक्षणाचा खर्च अनेकदा राहते घर किंवा वडिलोपार्जित जमीन तारण ठेवून उभा करावा लागतो. म्हणून नेमके काय बदलायचे आहे, हे अर्ज भरण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते.

पदवीची घडण

एमबीए ही पदवी अमेरिकेतली. १९०८ साली स्थापन झालेल्या हार्वर्ड बिझनेस स्कूलने ती प्रथम सुरू केली. खऱ्या कंपनीपुढचा खरा पेच विद्यार्थ्यांपुढे ठेवायचा, त्यांनी वर्गात वाद घालून निर्णय घ्यायचा, ही 'केस' पद्धतही तिथेच रुजली. युरोपात १९५७ साली फ्रान्समधील फाँतेनब्लो येथे इन्सीड ही संस्था उभी राहिली आणि एमबीएचा अभ्यास वर्षभराच्या आत संपवण्याचा प्रघात तिने रूढ केला. भारतातही हा विचार लवकर पोहोचला. अहमदाबादच्या आयआयएमला १९६१ साली सुरुवात होताना हार्वर्डचे सहकार्य होते. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ साली स्टॅनफर्डच्या सहकार्याने सुरू झाली. विरारहून निघालेली लोकल जिथे थांबते, त्या चर्चगेट स्थानकापासून ही संस्था पायी अंतरावर आहे.

अभ्यासक्रमात हिशेब, वित्त, विपणन, उत्पादन, मनुष्यबळ आणि व्यूहनीती हे विषय सगळीकडे सारखेच असतात. पुस्तकांतून ते मुंबईतही शिकता येतात. परदेशातील चांगल्या संस्थेत त्याखेरीज मिळतात ते वेगवेगळ्या देशांचे आणि व्यवसायांचे सहाध्यायी, नोकरी देणाऱ्या कंपन्यांची थेट ये-जा आणि माजी विद्यार्थ्यांचे जगभर पसरलेले जाळे. कारकीर्द वळते ती बहुतांशी या तीन गोष्टींमुळे.

वळणाचे काही नमुने

मराठी माणसाचे ठळक उदाहरण विक्रम पंडित यांचे. १९५७ साली नागपुरात जन्मलेले आणि दादरच्या शाळेत शिकलेले पंडित सोळाव्या वर्षी अमेरिकेत गेले. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी आधी विद्युत अभियांत्रिकी केली, नंतर तिथेच एमबीए आणि १९८६ साली वित्त विषयात डॉक्टरेट. १९८३ साली ते मॉर्गन स्टॅनली या गुंतवणूक बँकेत गेले आणि दोन दशकांहून अधिक काळ तिथे राहिले. डिसेंबर २००७ ते ऑक्टोबर २०१२ या काळात, जागतिक आर्थिक संकटाच्या ऐन भरात, सिटीग्रुपचे प्रमुखपद त्यांच्याकडे होते. अभियंत्याला वित्ताच्या जगात प्रवेश शिक्षणाने मिळवून दिला. शिखरापर्यंतची वाट मात्र दोन दशकांच्या कामाने कापली.

पुण्याचे शंतनू नायडू यांचे वळण वेगळे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे हे अभियंते टाटा एलक्सीत काम करत होते. २०१६ ते २०१८ या काळात त्यांनी कॉर्नेल विद्यापीठात एमबीए केले आणि परतल्यावर ते रतन टाटांचे साहाय्यक झाले. कौटुंबिक उद्योगातले उदाहरण आनंद महिंद्र यांचे. १९८१ साली हार्वर्डची एमबीए घेऊन ते मुंबईत परतले आणि महिंद्र युजीन स्टीलमध्ये वित्त संचालकांचे साहाय्यक म्हणून रुजू झाले. मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला यांनी तर नोकरी न सोडता शिकागो विद्यापीठातून १९९७ साली एमबीए पूर्ण केले. त्यांनी कंपनीही बदलली नाही. कंपनीतली आपली जबाबदारी वाढवली.

दोन वर्षे की एक वर्ष?

अमेरिकेतील पूर्णवेळ अभ्यासक्रम बहुतांशी दोन वर्षांचा असतो. दोन वर्षांच्या मधल्या उन्हाळ्यात दहा-बारा आठवड्यांची इंटर्नशिप करायची असते. ज्या क्षेत्रात पूर्वी कधी काम केले नाही, तिथे पाय रोवण्याची ती सर्वांत खात्रीची जागा, कारण बऱ्याच कंपन्या कायमची नोकरी इंटर्नलाच देऊ करतात. युरोपातील एक वर्षाच्या अभ्यासक्रमात खर्च कमी आणि पगाराविना जाणारा काळही निम्मा. पण इंटर्नशिपला वेळ थोडा किंवा मुळीच नसतो. क्षेत्र पूर्ण बदलायचे असेल तर दोन वर्षे, आणि आहे त्या क्षेत्रात वरच्या पदावर जायचे असेल तर एक वर्ष, असा ढोबळ नियम सांगता येतो.

नामांकित संस्थांत प्रवेश घेणाऱ्यांच्या गाठी सरासरी चार ते सहा वर्षांचा कामाचा अनुभव असतो. विवा किंवा गोन्सालो गार्सिया महाविद्यालयातून बी.कॉम. होताच परदेशी एमबीएला नेण्याचे आश्वासन एखादा एजंट देत असेल, तर त्या संस्थेत नोकरी द्यायला कोणत्या कंपन्या येतात हे आधी तपासावे. अनुभव नसलेल्यांसाठी व्यवस्थापनातील एमएससीसारखे अभ्यासक्रम वेगळे असतात आणि तेच त्यांच्या उपयोगाचे असतात.

पैसा आणि तारण

अमेरिकेतील अग्रगण्य संस्थांत फी आणि राहणे धरून दोन वर्षांचा खर्च दोन लाख डॉलरच्या वर जातो. एवढे मोठे कर्ज देताना सरकारी बँका सहसा स्थावर तारण मागतात, आणि वसई-विरारची खरी अडचण इथेच येते. बँक इमारतीचा मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि मालकी हक्काची कागदपत्रे तपासते. नालासोपारा, विरार परिसरात अनधिकृत इमारतींचा प्रश्न मोठा आहे. अशा इमारतीतले घर कितीही किमतीचे असले तरी तारण म्हणून चालत नाही. पश्चिमेकडच्या गावांतील वाडीच्या सातबाऱ्यावर अनेक भावंडांची नावे असतात, तिथे सर्वांची संमती लागते. म्हणून प्रवेशपरीक्षेच्या तयारीबरोबरच कागदपत्रांची तयारीही वर्षभर आधी सुरू करणे शहाणपणाचे.

हप्त्याचे गणित स्पष्ट आहे. साठ लाखांचे कर्ज अकरा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ८२,६०० रुपये येतो, आणि शिक्षणाच्या काळात साचलेले व्याज त्यात धरलेले नाही. डॉलरमध्ये पगार असेल तर हा हप्ता पेलतो. भारतात परतून मध्यम पगार घेणाऱ्याला तो जड जातो. जुन्या करप्रणालीत शैक्षणिक कर्जाचे व्याज कमाल आठ वर्षे उत्पन्नातून वजा करता येते.

भार हलका करण्याचे मार्गही आहेत. मुंबईतील जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जरूपी शिष्यवृत्ती देते. के. सी. महिंद्र शिष्यवृत्ती बिनव्याजी कर्जाच्या रूपात मिळते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. पालघर हा आदिवासीबहुल जिल्हा असल्याने आदिवासी विकास विभागाची परदेश शिष्यवृत्ती इथल्या विद्यार्थ्यांनी आवर्जून पाहावी. शिवाय परदेशी संस्था स्वतःही गुणवत्तेवर फी माफ करतात. प्रवेशपरीक्षेतले जास्तीचे गुण इथे थेट पैशात मोजले जातात.

व्हिसाचा प्रश्न

देश बदलण्याचा बेत व्हिसावर उभा असतो. अमेरिकेत पदवीनंतर बारा महिने काम करता येते. अभ्यासक्रम विज्ञान-तंत्रज्ञान गटात नोंदलेला असेल तर आणखी चोवीस महिने. पुढे लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५ हजार, आणि अमेरिकेतील पदव्युत्तरांसाठी अधिकचे २० हजार. अर्ज त्याहून पुष्कळ येत असल्याने निवड सोडतीने होत आली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये काही नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लागू झाले. ब्रिटनमध्ये शिक्षणानंतर दोन वर्षे राहता येते. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना ही मुदत अठरा महिन्यांची होणार आहे. नियम अभ्यासक्रमाच्या मध्यातही बदलतात. त्यामुळे परतावे लागले तरी कर्ज फिटेल का, हा प्रश्न निघण्यापूर्वी सोडवलेला हवा.

परतून काय करता येते?

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात शेकडो लहान कारखाने आहेत. त्यांतले कितीतरी दुसऱ्या पिढीकडे आले आहेत. मोठ्या कंपनीचे सुटे भाग बनवून देणे, ठरलेल्या दराने माल पुरवणे आणि बिलाच्या पैशांसाठी महिनोन्‌महिने थांबणे, हा त्यांचा नित्याचा क्रम. खेळत्या भांडवलाचे नियोजन, प्रत्येक वस्तूचा खरा उत्पादनखर्च काढणे, निर्यातीचा ग्राहक शोधणे आणि स्वतःच्या नावाने माल विकणे या चार गोष्टी एमबीएत पद्धतशीर शिकवल्या जातात. अशा कारखान्याच्या वारसाला नोकरीच्या बाजारावर अवलंबून राहावे लागत नाही, म्हणून त्याची जोखीमही कमी. राजेळी केळ्यांची सुकेळी, फुले, खाण्याची पाने या वसईच्या शेतमालालाही वेष्टन, प्रतवारी आणि बाजारपेठेची अशीच जाण हवी आहे.

चार-पाच वर्षे काम केलेल्या, कोणते काम सोडून कोणते धरायचे हे नेमके ठाऊक असलेल्या आणि परत यावे लागले तरी हप्ता भरू शकणाऱ्या माणसाला परदेशी एमबीए मोठा लाभ देते. यांपैकी पहिल्या दोन अटी पुऱ्या होत असतील, पण पैशाचे गणित जुळत नसेल, तर जमनालाल बजाज किंवा अंधेरीची एस. पी. जैन यांसारखी घरून गाठता येणारी संस्था, अथवा नोकरी सांभाळून करायचा अभ्यासक्रम हा तोडीचा पर्याय आहे. आणि आपल्याला काय बदलायचे आहे हेच अजून उमगले नसेल, तर आणखी दोन वर्षे काम करणे हीच या शिक्षणाची खरी पूर्वतयारी.