सातबारा आणि सचोटी

शील, सचोटी, जबाबदारी हे शब्द कानीं पडले कीं आपल्या मनापुढें थोर पुरुषांचीं चरित्रें उभीं राहतात. परंतु कष्टकरी शेतकऱ्याच्या आयुष्यांत असे मोठे प्रसंग क्वचितच येतात. त्याच्या सचोटीची परीक्षा होते ती बांधावर, खळ्यांत आणि चावडीवर. व तीहि बहुधा कोणी पाहत नसतांना. आमची सारी नोकरी महसुली दप्तराच्या सहवासांत गेली. म्हणून त्या दप्तराशीं संबंध असलेल्या चार प्रसंगांविषयींच येथें लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम हें दप्तर म्हणजे काय तें थोडक्यांत सांगतों. मुंबई इलाख्यांत हक्कनोंदीचा कायदा १९०३ सालीं झाला व १९१३ सालीं तो जमीन महसूल कायद्यांत सामील करण्यांत आला. आज १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम लागू आहे. गांवचें दप्तर १ ते २१ नमुन्यांत ठेवतात. त्यांतील सातवा नमुना जमीन कोणाची व तिजवर इतर हक्क कोणाचे हें सांगतो. बारावा तींत काय पिकलें हें सांगतो. आणि दोन्ही मिळून आपला सातबारा होतो. हक्काची नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरावी असें कायदा म्हणतो. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या खोताच्या वहींत काय लिहिलें आहे यावर कुळाचें नशीब ठरत असे. १९४९ च्या कायद्यानें खोती गेली आणि पुढें कूळकायद्यानें कसणाऱ्यास मालकी मिळाली. ज्यांच्या वाडवडिलांनीं दुसऱ्याच्या लेखणीचा जाच सोसला, त्यांच्या हातीं आतां स्वतःची लेखणी आली आहे. ती ते कशी चालवितात, हाच या लेखाचा विषय.

पहिला प्रसंग पीक पाहणीचा. पूर्वीं बाराव्या नमुन्यांतील पिकें तलाठी नोंदवीत असे, व एकेका तलाठ्याकडे अनेक गांवें असत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानें स्वतः शेतांत उभें राहून मोबाईलवर पिकाचें नांव व क्षेत्र भरावयाचें आणि छायाचित्र काढावयाचें. तें कोणत्या जागेवरून काढलें हेंहि त्यासोबत नोंदलें जातें. तलाठी, ज्यास २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांतील कांहीं नोंदी तपासतो. परंतु मूळ शब्द शेतकऱ्याचाच. सरकारी केंद्रावर भात घालतांना, विम्याच्या वेळीं आणि नुकसानभरपाई मागतांना हाच शब्द पुढें येतो. वरकस जमिनींत नाचणी उभी असून जो आळसानें नोंद करीत नाहीं, त्याची जमीन कागदावर पड राहते, आणि संकटाच्या वेळीं तो कचेरीस दोष देतो. दोष कचेरीचा नसतो, अशा वेळीं तो आपल्याच आळसाचा असतो.

आळसाहून वाईट तें असत्य. त्याचें ताजें उदाहरण आपल्या राज्यांतच घडलें आहे. २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याकडून केवळ एक रुपया घेऊन पीक विमा देण्यास आरंभ झाला. शेतकऱ्याच्या हिश्श्याचा उरलेला हप्ता राज्य सरकार भरीत असे. पण न पेरलेल्या पिकांचे, दुसऱ्याच्या आणि सरकारच्या जमिनींवरचे अर्ज झाल्याचें ठिकठिकाणीं उघडकीस आलें. २०२५ सालीं ती सवलत बंद झाली, आणि खोटे अर्ज हें त्याचें एक मोठें कारण होतें. आतां शेतकऱ्यास खरिपाकरितां विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीकरितां दीड टक्का व नगदी पिकांकरितां ५ टक्क्यांपर्यंत हप्ता भरावा लागतो. सुक्याबरोबर ओलेंहि जळालें तें असें. खोटा अर्ज भरणाऱ्यास वाटलें असेल कीं पैसा सरकारचा आहे, आपण कोणाच्या कणगींत हात घालीत नाहीं. परंतु तो हात शेवटीं शेजाऱ्याच्याच कणगींत गेला.

दुसरा प्रसंग पंचनाम्याचा. आमचें पोफळी गांव कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशीं आहे आणि कोयनेच्या वीजघरांतून सुटणारें पाणी याच खोऱ्यांतून वाशिष्ठीस मिळतें. २२ जुलै २०२१ रोजीं त्याच वाशिष्ठीच्या पुरानें चिपळूण बुडालें, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. पुरानंतर पंचनामे होतात. पिकाचें ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झालें तर मदत मिळते. २०१५ पूर्वीं ही मर्यादा ५० टक्के होती. आतां चिखलांत आडव्या पडलेल्या भाताचे टक्के कांहीं तराजूंत तोलतां येत नाहींत. ते पाहणाऱ्याच्या डोळ्यावर आणि पंचाच्या सहीवर ठरतात. म्हणून पंच होणें हा मान नव्हे, ती जोखीम आहे. कोऱ्या कागदावर सही करूं नये. वीस टक्क्यांचे पस्तीस होऊं देऊं नयेत. आणि इतक्यानेंच पंचाचें कर्तव्य संपत नाहीं. ज्या विधवेचें शेत ओढ्यापलीकडे आहे, जी चावडीपर्यंत येऊं शकली नाहीं, तिचें शेत पाहावयाचें राहिलें आहे हें बोलून दाखविणें हेंहि त्याचेंच काम आहे. खोटें न बोलणें ही अर्धीच सचोटी होय; गैरहजर माणसाच्या वतीनें खरें बोलणें ही उरलेली अर्धी.

तिसरा प्रसंग बांधाचा. उन्हाळ्यांत बांध दुरुस्त करतांना चार बोटें पलीकडे सरकविलीं तर त्या वर्षीं कोणास दिसत नाहीं. पण हिशेब करून पाहा. दहा वर्षांत चाळीस बोटें, म्हणजे सुमारें अडीच फूट. आणि बांध २०० फूट लांब असला तर ५०० चौरस फूट, म्हणजे जवळजवळ अर्धा गुंठा जमीन गेली. ज्याची गेली तो मुंबईस नोकरीवर असतो. त्यास कळतें तेव्हां मोजणी, तक्रार, दावा हें सारें सुरू होतें, व त्या अर्ध्या गुंठ्याच्या पिकाहून खर्च कितीतरी अधिक होतो. आपल्या जमिनीचीं सीमाचिन्हें जपण्याची जबाबदारी कायद्यानें जमीनधारकावरच टाकिली आहे. दगड ढळला असेल तर दोघां शेजाऱ्यांनीं उभें राहून तो बसवावा; एकट्यानें बसवूं नये, मग तो कितीहि खरा बसविला तरी.

चौथा प्रसंग सर्वांत नाजूक, तो वारसनोंदीचा. खातेदार वारल्यावर वारसांनीं तीन महिन्यांत खबर द्यावी असा नियम आहे. फेरफार लिहिला जातो, संबंधितांस नोटीस निघते व हरकतीकरितां पंधरा दिवस मिळतात. या वेळीं भावांचीं नांवें न चुकतां सांगितलीं जातात आणि बहिणींचीं विसरलीं जातात. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें मुलीस बापाच्या मिळकतींत वारसा दिला. वडिलोपार्जित मिळकतींत तिला मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रानें १९९४ सालीं व केंद्रानें २००५ सालीं दिला. बहिणीस आपला हिस्सा भावास द्यावयाचा असेल तर तिनें तो खुशाल द्यावा. त्यासाठीं नोंदणी केलेलें हक्कसोडपत्र आहे. परंतु तिचें नांवच न सांगणें याला देणगी म्हणत नाहींत. जो भाऊ शेजाऱ्याच्या बांधास बोट लावीत नाहीं, तोच बहिणीचें नांव गाळतांना डगमगत नाहीं, हें पाहून आम्हांस नेहमीं नवल वाटत आलें आहे. परक्याशीं सचोटी राखण्यास लोकलाज मदत करते. घरच्या माणसाशीं ती राखण्यास केवळ आपलें शीलच उपयोगी पडतें.

यावर उपाय काय? आमची एक साधी सूचना आहे. गौरी-गणपतीस मुंबईचे चाकरमानी गांवीं येतात, माहेरवाशिणी येतात, सारें घर एकत्र असतें. त्या दिवसांत घरांतील वडील माणसानें आपल्या सर्व जमिनींचे सातबारा आणि ८-अ चा उतारा काढून सर्वांसमक्ष मोठ्यानें वाचावे. कोणाचें नांव राहिलें आहे, कोणतें पीक चुकलें आहे, कोणत्या बोज्याची फेड होऊनहि नोंद उतरली नाहीं, हें तेथेंच टिपून ठेवावें. खरिपाच्या पीक पाहणीची मुदतहि बहुधा त्याच सुमारास असते. तेव्हां मुलांस घेऊन शेतावर जावें आणि नोंद त्यांच्याच हातून करवावी. भात असेल तेथें भात लिहावें, पड असेल तेथें पड लिहावें. बापानें पडीक जमिनीस पड म्हटलेलें मुलानें एकदां पाहिलें, म्हणजे सचोटी हा शब्द त्याला निराळा शिकवावा लागत नाहीं.