विजयाचे अंतर आणि पुढच्या फेरीचे गणित

गुण समान झाल्यास क्रिकेटमध्ये निव्वळ धावगती, म्हणजे संघाने दर षटकामागे केलेल्या आणि दिलेल्या धावांतील फरक, पाहिली जाते. १९९९ च्या विश्वचषकात सोबत पात्र ठरणाऱ्या संघांविरुद्धचेच गुण सुपर सिक्स फेरीत धरले जाणार असल्याने, न्यूझीलंडकडून हरलेल्या ऑस्ट्रेलियाला वेस्ट इंडिजच पुढे यायला हवा होता. म्हणून मँचेस्टरला वेस्ट इंडिजविरुद्ध १११ धावांचे किरकोळ लक्ष्य, वेस्ट इंडिजची धावगती फार घसरू नये म्हणून, त्यांनी रेंगाळत ४०.४ षटकांत गाठले (पुढे गेला तो न्यूझीलंडच, हे बरेच झाले). अंतराला महत्त्व असावे, पण परस्परांतील सामन्याच्या निकालानंतरच. २०१९ च्या विश्वचषकात न्यूझीलंडला हरवूनही, दोघांचे ११ गुण आणि विजयही समान असताना, पाकिस्तानची उपांत्य फेरी धावगतीवर हुकली.