‘पाऊस आला असता तर…’ इंग्रजीत कसे म्हणाल? जर-तरची वाक्ये नेमकी इथे चुकतात

जळगाव जामोद : सातपुड्याच्या पायथ्याशी जून उजाडला की बोलणे जर-तरचेच. पाऊस आला तर पेरणी, नाही तर वाट पाहणे. याच घरांतला बारावीचा किंवा स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी इंग्रजीच्या पेपरात मात्र ‘इफ’पाशी अडखळतो. नियम पाठ नसतो असे नाही. मराठी वाक्याचा साचा तसाच इंग्रजीत उतरतो आणि गुण जातात.

आधी सोपे. ‘पाऊस आला तर आम्ही पेरू.’ गोष्ट उद्याची, पण ‘आला’ हे रूप भूतकाळाचे. म्हणून कुणी ‘इफ इट रेन्ड, वी विल सो’ लिहितो, तर कुणी उद्याचे आहे म्हणून ‘इफ इट विल रेन’. दोन्ही चूक. इथे ‘इफ’च्या बाजूला साधा वर्तमानकाळ हवा : ‘इफ इट रेन्स, वी विल सो.’ ‘तर’साठी ‘देन’ घालायची गरज नाही, स्वल्पविराम पुरतो.

खरी गोची ‘असते’ची

‘पैसे असते तर बियाणे घेतले असते.’ हे वाक्य आज दुकानात उभे राहून म्हणता येते आणि गेल्या वर्षीबद्दलही. मराठी माणसाला संदर्भावरून कळते. इंग्रजी मात्र आधी विचारते, आजचे की तेव्हाचे?

आजचे असेल तर ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय सीड्स.’ गेल्या वर्षीचे असेल तर ‘इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट सीड्स.’ दोन ‘हॅड’ पाहून छपाईची चूक वाटते, पण ते बरोबर आहे. पहिले सहायक क्रियापद, दुसरे मुख्य.

जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टी होऊन पूर आला. ‘तेवढा पाऊस झाला नसता तर पिके वाचली असती’ हे वाक्य तेव्हापासून इथे नवे नाही. मराठीत ‘नसता’ आणि ‘असती’ दोन्हीकडे येते, म्हणून विद्यार्थी ‘वुड हॅव’ही दोन्हीकडे लावतो. अमेरिकेत बोलताना असे ऐकू येते, पेपरात चालत नाही. बरोबर वाक्य : ‘इफ इट हॅडन्ट रेन्ड सो हेविली, द क्रॉप्स वुड हॅव सर्व्हाइव्ड.’

आणि परिणाम आजही दिसत असेल तर? ‘पूर आला नसता तर आज शेतात माती असती.’ इथे पहिली बाजू तेव्हाची, दुसरी आजची : ‘इफ द फ्लड हॅडन्ट कम, द फील्ड वुड स्टिल हॅव इट्स सॉइल.’ फर्स्ट, सेकंड, थर्ड अशा कप्प्यांत हे वाक्य बसत नाही, म्हणून कप्पे पाठ करण्यापेक्षा दोन्ही बाजूंचा काळ वेगवेगळा ठरवावा.

मुलाखतीत ‘तुम्ही तहसीलदार असता तर काय केले असते?’ असे इंग्रजीत विचारले, तर उत्तर ‘इफ आय वर द तहसीलदार, आय वुड…’ असे सुरू करावे. ‘आय विल’ म्हटले की नेमणूक झाल्यासारखे ऐकू येते.

उरला ‘अनलेस’. ‘पाऊस येत नाही तोवर पेरणार नाही’ यात ‘नाही’ दोनदा आहे, पण ‘अनलेस’च्या पोटातच नकार असतो. त्याच्यापुढे पुन्हा ‘डझन्ट’ नको : ‘वी वोन्ट सो अनलेस इट रेन्स.’