बोजामुक्त जमीन आणि पूर्वजांची जागा

या मालिकेत आजवर आपण शहर कसं वाढतं, जमिनीचे भाव कसे ठरतात, पुनर्विकासाचं गणित काय असतं, असे विषय घेतले. आजचा विषय त्याच रस्त्यावरचा आहे, फक्त थोडा खाली, मातीत उतरणारा. एखाद्या जागेवर मॉल, टॉवर किंवा विमानतळ उभा राहायचा असतो आणि त्याच जागेत कुणाचे तरी पूर्वज असतात. तेव्हा काय करायचं? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कधी करायचं? नवी मुंबईत बसून आपण हा प्रश्न विचारणार आहोत, पण सुरुवात मात्र दूरच्या एका बेटावरून करू. तिथे हा प्रश्न कोर्टात गेला, कायद्यात उतरला, आणि त्या अनुभवातून आपल्याला शिकण्यासारखं बरंच आहे.

प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर मूळ रहिवासी आपल्या मृतांना बहुधा समुद्रकाठच्या वाळूत पुरत असत. हाडांना त्यांच्या भाषेत ‘इवी’ म्हणतात. मायभूमीसाठी त्यांचा शब्द आहे ‘कुलाईवी’, म्हणजे त्या शब्दातच हाडं आहेत. जिथे आपल्या माणसांची हाडं, ती आपली भूमी. आता गंमत अशी की, पर्यटनाच्या धंद्याला सगळ्यात जास्त हवी असलेली जागाही समुद्रकाठचीच. १९८० च्या दशकाच्या शेवटी माउई बेटावर होनोकाहुआ इथे एका मोठ्या हॉटेलसाठी खोदकाम सुरू झालं आणि नऊशेहून अधिक मृतांचे अवशेष वर काढले गेले. लोक रस्त्यावर आले. शेवटी खोदकाम थांबलं, हॉटेल किनाऱ्यापासून आत सरकवलं गेलं आणि अवशेष पुन्हा त्याच मातीत ठेवले गेले. त्यानंतर १९९० मध्ये तिथे कायदा बदलला. प्रत्येक मुख्य बेटासाठी दफनविषयक परिषद नेमली गेली. तिच्यात मूळ रहिवाशांचे प्रतिनिधी असतात आणि जमीनमालकांचेही.

या कायद्यात एक बारीक फरक केलेला आहे, तो नीट लक्षात घ्या, कारण पुढे आपल्याला तो लागणार आहे. काम सुरू होण्याआधीच्या सर्वेक्षणात दफन सापडलं, तर ते जागेवर ठेवायचं की हलवायचं हे ती परिषद ठरवते. पण काम सुरू झाल्यावर ‘अचानक’ सापडलं, तर निर्णय सरकारी खात्याकडे जातो आणि तो फार थोड्या दिवसांत घ्यायचा असतो. म्हणजे हाडं तीच, माती तीच. कधी सापडली यावर कोण ठरवणार हे अवलंबून!

होनोलुलु शहरात वॉर्ड नावाच्या खरेदी-केंद्राच्या पुनर्विकासात नेमकं हेच झालं. २००६-०७ च्या सुमारास तिथे एका मोठ्या सुपरमार्केटसाठी पाया खोदताना डझनावारी दफनं निघाली. आधीच्या सर्वेक्षणात त्यातली मोजकीच दिसली होती. बाकीची ‘अचानक’ या खात्यात गेली. साहजिकच लोकांनी विचारलं, की सर्वेक्षण अपुरं केलं तर फायदा नेमका कुणाचा? पुढे २०१२ मध्ये, शहराच्या रेल्वे प्रकल्पाच्या खटल्यात, हवाईच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की संपूर्ण मार्गाचं पुरातत्त्वीय सर्वेक्षण पूर्ण झाल्याशिवाय बांधकाम सुरू करता येणार नाही. टप्प्याटप्प्यानं बघू, सापडेल तसं ठरवू, हे चालणार नाही. एकदा अर्धा मार्ग उभा राहिला की उरलेला मार्ग वळवायला जागाच राहत नाही, हे त्यामागचं साधं व्यावहारिक कारण.

आता आपल्याकडे येऊ.

कुणी म्हणेल, आपल्याकडे तर दहन करतात, हाडं पुरलेली कुठे असतात? हा समज अर्धाच खरा आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या वस्तीत दोनशेहून अधिक दफनं मिळाली, आणि तीही गावाबाहेर नव्हे, घराच्या जमिनीखाली आणि अंगणात. लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवलेलं होतं. नागपूरजवळ जुनापाणीला महापाषाणकालीन शिळावर्तुळं आहेत, म्हणजे मोठमोठे दगड गोल मांडून केलेली दफनस्थळं. आजही लिंगायत समाजात दफन आहे, मुसलमान आणि ख्रिस्ती समाजात आहे, कोकणातल्या बेने इस्रायली समाजात आहे. हिंदूंमध्येही तान्ह्या मुलाला पुरतात, संन्याशाला समाधी देतात.

आणि जिथे दहन आहे, तिथेही जागा लागतेच. खाडीकाठच्या आगरी-कोळी गावात मसणवटा साधारण पाण्याजवळ असतो. दहाव्याला पाणी लागतं, पिंड ठेवायला घाट लागतो, कावळा शिवायची वाट बघायला मोकळं आभाळ लागतं. वेशीवर वेताळ, म्हसोबा, गावदेवी. कुठे एखादी वीरगळ. बोरिवलीजवळ एकसरला शिलाहारकालीन वीरगळ आहेत, त्यांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे, आणि आज त्यांच्या भोवती शहर उभं आहे. लढाईत पडलेल्या माणसाचा दगड हेही पूर्वजांचंच ठिकाण. राख पाण्यात गेली तरी जागेचं नातं राहतं.

आता नवी मुंबईची गोष्ट. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर आखलं गेलं. त्या वेळी भूसंपादनाचा कायदा होता १८९४ चा. त्याच्या कलम १६ मध्ये एक शब्दप्रयोग आहे: ताबा घेतल्यावर जमीन सरकारकडे ‘सर्व बोज्यांपासून मुक्त’ अशी येते. बोजा म्हणजे कर्ज, गहाण, कुळ, वहिवाट, सगळं. कायद्याच्या दृष्टीनं हे सोयीचं आहे, कारण नवीन मालकाला जुन्या भानगडी नकोत. पण विचार करा. एखाद्या बांधावर गावाचा म्हसोबा आहे, कोपऱ्यात मुलांना पुरायची जागा आहे, आणि सातबाऱ्यावर त्याची नोंदच नाही. मग कागदावर ती जागा काय ठरते? फार तर बोजा, आणि बहुतेक वेळा काहीच नाही. पीक लिहायला रकाना आहे, विहीर लिहायला जागा आहे. आजोबा लिहायला नाही.

नोंद झालेल्या स्मशानांची गोष्ट वेगळी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ खाली जिल्हाधिकारी गावाच्या जमिनीतून दफन-दहनासाठी जागा राखून ठेवू शकतात. अशी जागा हलवायची तर कागद हलवावा लागतो, कुणाला तरी सही करावी लागते, आणि गावाला ते कळतं. संरक्षण तिथे नोंदीतून येतं.

विमानतळाचं उदाहरण घेऊ. चिंचपाडा, कोपर, कोल्ही, उलवे, वरचे ओवळे, वाघिवली, वाघिवलीवाडा, गणेशपुरी, तरघर आणि कोंबडभुजे अशी दहा गावं, तीन हजारांहून अधिक कुटुंबं. सुमारे ११६० हेक्टर जमीन. उलवे टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं. पुनर्वसनात जमिनीच्या बदल्यात साडेबावीस टक्के विकसित भूखंड हे सूत्र आलं, आणि ते मिळवायला लोकांना झगडावं लागलं. पण भूखंडाचं माप काढता येतं, ठिकाणाचं काढता येत नाही. वाघिवलीवाड्याजवळच्या केरूमातेचं बघा. गावकऱ्यांचं ते श्रद्धास्थान. बौद्ध संघटनांचं म्हणणं, ही प्राचीन लेणी आहेत, जतन करा. यात कोण बरोबर, हे आज आपण ठरवणार नाही. आपला मुद्दा वेळेचा आहे. हा वाद मोठा झाला तेव्हा डोंगर कापायचं काम सुरू झालेलं होतं. हवाईच्या भाषेत सांगायचं तर प्रश्न ‘अचानक’च्या खात्यात गेला होता. खरं तर त्या जागी पिढ्यान्‌पिढ्या लोक हात जोडत होते. त्यात अचानक काय होतं?

आता कायदा आज काय देतो, ते एकेक करून पाहू.

पहिला, २०१३ चा भूसंपादन कायदा. यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आला, आणि त्या अभ्यासात दफनभूमी आणि दहनभूमीचा विचार करावा असं कलम ४ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. पुनर्वसनाच्या ठिकाणी जाती-समाजांच्या प्रथेप्रमाणे दफन किंवा दहनाची जागा द्यावी, हे तिसऱ्या अनुसूचीत आहे. मोठी सुधारणा आहे ही. पण यातून मिळते ती नवी सोय. जुन्या जागेचं काय, हा प्रश्न तसाच राहतो. आणि नवी मुंबईसाठी यात एक मोठी फट आहे. इथली बहुतेक जमीन त्याआधीच संपादित झाली. त्या जमिनीवर आज नवं व्यापारी संकुल आलं किंवा जुन्या इमारतींचा पुनर्विकास झाला, तर नवं संपादनच होत नाही. संपादन नाही, म्हणून अभ्यासही नाही.

दुसरा, १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा. शंभर वर्षांहून जुनं दफनस्थळ किंवा दफनाचा उंचवटा ‘प्राचीन स्मारक’ या व्याख्येत बसतो. पण त्या कायद्याचं संरक्षण मिळतं ते राष्ट्रीय महत्त्वाचं म्हणून जाहीर झाल्यावरच. गावाचा मसणवटा त्या यादीत कोण घालणार?

तिसरा, १८७८ चा निखात निधी कायदा. खोदताना दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणजे नाण्यांचं मडकं निघालं तर कळवायचं. अस्थींचं मडकं निघालं तर? त्याची किंमत कोण आणि कशी लावणार?

चौथा, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०१. दफनभूमीत घुसून अवमान करणं हा गुन्हा आहे, पण त्यासाठी भावना दुखावण्याचा हेतू किंवा तशी जाणीव असावी लागते. जेसीबी चालवणाऱ्याला खाली काय आहे हेच माहीत नसेल, तर जाणीव येणार कुठून?

चारही कायदे एकत्र ठेवले की एकच गोष्ट दिसते. माहिती आधी असेल तर कायदा थोडंफार काम करतो, नसेल तर तो काम संपल्यावर पोचतो. आपल्याकडे आदराची उणीव आहे असं आम्हाला वाटत नाही. पायाभरणीला नारळ फोडणारी, देवाची जागा हलवताना विधी करणारी माणसं आहोत आपण. उणीव आहे ती आधी विचारण्याच्या व्यवस्थेची.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. सगळीच जमीन कुणाच्या ना कुणाच्या पूर्वजांची आहे. मग काही बांधायचंच नाही का? घरं कुठे बांधायची? आम्ही तसं म्हणत नाही. गावांनी देव हलवलेले आहेत, समाध्या हलवलेल्या आहेत, धरणांच्या वेळी तर कितीतरी. काही वेळा जागा तशीच ठेवून इमारत दहा मीटर सरकवली की भागतं, काही वेळा विधीपूर्वक हलवणं गावालाच मान्य असतं, आणि काही वेळा उत्तर ठाम ‘नाही’ असतं. यातलं कोणतं उत्तर, हे गावानं नकाशा कोरा असताना सांगायचं असतं. पाया भरल्यावर विचारलेला प्रश्न हा प्रश्न राहत नाही, ती नुसती सूचना होते.

आणि जागेची आठवण किती टिकते हे नवी मुंबईला वेगळं सांगायला नको. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातल्या शेतकरी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. दरवर्षी १६ आणि १७ जानेवारीला लोक तिथे जमतात. चाळीस वर्षांत ती जागा या शहराच्या पूर्वजांची जागा झाली. उद्या कुणी म्हणालं, स्मारक दुसरीकडे देतो, मोठं देतो, तर चालेल का? उत्तर तुम्हाला माहीत आहे.

मग आज काय करता येईल? गावठाणांभोवती सध्या पुनर्विकास, समूह विकास, नव्या आराखड्यांची चर्चा चालू आहे. नवी मुंबई महापालिकेनं प्रारूप विकास आराखडा २०२२ मध्ये प्रसिद्ध केला, त्यावर हरकती-सूचना घेतल्या गेल्या. अशा प्रत्येक वेळी मुदत थोडी असते आणि तयारी नसते. म्हणून तयारी आधी करायची. गावातल्या जाणत्या माणसांबरोबर एकदा शिवार फिरा. मसणवटा, मुलांना पुरायची जागा, दहाव्याचा घाट, कबरस्तान, वीरगळ, शेंदूर लावलेला दगड, सगळं टिपा. बायकांना विचारा, कारण तान्ही मुलं कुठे पुरली हे अनेकदा त्यांनाच ठाऊक असतं. प्रत्येक जागेचा फोटो, गट नंबर आणि मोबाइलवरचं ठिकाण एका वहीत उतरवा. जिथे ग्रामपंचायत आहे तिथे ग्रामसभेचा ठराव करा, जिथे महापालिका आहे तिथे गावकीच्या वतीनं अर्ज करून पोच घ्या. सगळ्या जाती-धर्मांच्या जागा एकाच यादीत असू द्या, म्हणजे यादीला वजन येतं आणि भांडणाला वाव कमी राहतो.

हे कुणी सरकारी माणूस येऊन करेल याची वाट पाहू नका. शिवाराची ओळख असलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. ती गेली की नकाशावर उरेल तो फक्त गट नंबर. आणि मग खालून काहीही निघालं तरी आपण म्हणणार, अचानक सापडलं.

आजच्यापुरतं इथे थांबू. तुमच्या गावात अशी एखादी जागा असेल आणि ती वाचवताना किंवा हलवताना काही अनुभव आला असेल, तर प्रश्नोत्तरांत जरूर सांगा.