उपवासाने शरीराची ‘सफाई’ होते? सिकलसेल रुग्णांनी आधी हे वाचा

नवरात्रात मोहाडीच्या चौंडेश्वरी देवीच्या मंदिरात भाविकांची गर्दी होते. अनेक घरांत नऊ दिवस उपवास असतो. अलीकडे उपवासाच्या समर्थनार्थ मोबाइलवर एक दावा फिरतो: उपाशी राहिले की शरीर खराब पेशी खाऊन टाकते, आजार बरे होतात आणि या शोधाला नोबेलही मिळाले आहे. नोबेलची गोष्ट खरी आहे. बाकी दाव्याचे काय?

ऑटोफॅजी म्हणजे काय?

पेशीच्या आत प्रथिने खराब होतात, ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया निकामी होतात. पेशी हा माल एका पिशवीत बांधते आणि लायसोसोम या भागात पाठवते. तेथील विकरे त्याचे तुकडे करतात व कच्चा माल पुन्हा वापरला जातो. म्हणजे येथे अख्खी पेशी खाल्ली जात नाही, पेशीच आपले जुने सुटे भाग मोडीत काढते. ख्रिश्चन द दुव यांनी 1963 मध्ये या क्रियेला ऑटोफॅजी हे नाव दिले. जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टच्या पेशींना उपाशी ठेवून तिचा अभ्यास केला आणि ती चालवणारी जनुके शोधली. त्यासाठी त्यांना 2016 चे नोबेल मिळाले.

आजारांशी संबंध काय?

ही यंत्रणा अडली की कचरा साचतो. पार्किन्सन्सच्या काही आनुवंशिक प्रकारांत निकामी मायटोकाँड्रिया हटवणारी जनुकेच बिघडलेली असतात. कर्करोगात मात्र चित्र दुहेरी आहे. ऑटोफॅजी सुरुवातीला पेशीचे रक्षण करते, पण वाढलेल्या गाठीला तगून राहायलाही मदत करते. त्यामुळे ‘जास्त ऑटोफॅजी म्हणजे जास्त आरोग्य’ हे समीकरण चुकीचे आहे.

सिकलसेलमध्ये काय घडते?

भंडारा जिल्हा विदर्भातील सिकलसेलच्या पट्ट्यात येतो. निरोगी लाल रक्तपेशी परिपक्व होताना ऑटोफॅजीद्वारे आपली मायटोकाँड्रिया काढून टाकते आणि सुमारे 120 दिवस जगते. सिकलसेल रुग्णांच्या काही परिपक्व लाल पेशींत ही मायटोकाँड्रिया शिल्लक राहतात व पेशीला इजा करणारे घटक तयार करतात, असे संशोधनात आढळले आहे. मात्र आजाराचे मूळ हिमोग्लोबिनच्या जनुकातील बदलात आहे. हा बदल उपवासाने दुरुस्त होत नाही.

मग उपवास करावा का?

उपाशीपणामुळे ऑटोफॅजी वाढते, याचे बहुतेक पुरावे यीस्ट आणि प्राण्यांवरील प्रयोगांतून आले आहेत. माणसात किती तासांच्या उपवासाने कोणता आजार बरा होतो, हे सिद्ध झालेले नाही. सिकलसेल रुग्णाच्या शरीरात पाणी कमी झाले, तर लाल पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या अडवू शकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. त्यामुळे निर्जळी उपवास रुग्णांसाठी धोकादायक आहे. कोणताही उपवास धरण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. पाणी आणि हायड्रॉक्सियुरियासारखी सुरू असलेली औषधे बंद करू नयेत.

तपासणी का गरजेची?

आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. वाहकाला सहसा त्रास होत नाही, त्यामुळे रक्त तपासल्याशिवाय ते कळत नाही. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात 40 वर्षांपर्यंतच्या व्यक्तींच्या तपासणीवर भर आहे. लग्न जुळवताना पत्रिकेसोबत हा अहवालही पाहिला, तर पुढच्या पिढीचा त्रास टाळता येईल.