माळ आणि वन : एका परिसंस्थेची मराठी साक्ष

सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेकडे उतरू लागले की थोड्याच अंतरात पर्जन्यमान झपाट्याने घटते. महाबळेश्वरी वर्षाकाठी ५००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; फलटण, बारामती, सांगोला या टापूत तो सुमारे ५०० मिलिमीटरांवर येतो. पर्जन्यछायेच्या या पट्ट्यात मुरमाड उतारांवर गवत, मधून मधून काटेरी झाडे आणि वर मोकळे आभाळ असा जो भूप्रदेश दिसतो, त्याला मराठीत माळ किंवा माळरान म्हणतात. हा प्रदेश मुळात काय आहे, या प्रश्नाला वनशास्त्राने दीर्घकाळ दिलेल्या उत्तराचे सार असे : येथे पूर्वी वन होते, कुऱ्हाड, वणवा आणि चराई यांनी ते नष्ट केले, माळ हा त्याचा अवशेष होय. परिसंस्थाविज्ञानातील गेल्या काही वर्षांच्या संशोधनाने या उत्तराचा पाया बराचसा खिळखिळा केला आहे. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकांनी या वादाकडे लक्ष द्यावे याचे कारण असे की, त्यात जुन्या मराठी वाङ्मयाला साक्षीसाठी पाचारण करण्यात आले आहे आणि ही साक्ष तपासण्याची साधने वनस्पतिशास्त्रज्ञांपेक्षा साहित्याभ्यासकांपाशी अधिक आहेत.

जुन्या उत्तरामागे एक सिद्धान्त होता. फ्रेडरिक क्लेमेंट्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९१६ मध्ये वनस्पतींच्या अनुक्रमाचा जो विचार मांडला, त्यानुसार प्रत्येक हवामानाला एक अंतिम, स्थिर अशी वनस्पतिसृष्टी असते. उष्ण कटिबंधात ती बहुधा वनाचीच असणार, असे गृहीत धरले गेले. हॅरी चॅम्पियन यांनी १९३६ मध्ये हिंदुस्थान व ब्रह्मदेशातील वनप्रकारांचे वर्गीकरण केले, ते याच चौकटीत. १९६८ मध्ये सेठ यांच्यासह त्यांनी केलेली सुधारित आवृत्ती आजही वनखात्याच्या कामकाजाचा आधार आहे. त्यात दख्खनच्या माळाला ‘काटेरी वन’ असे नाव मिळाले. दाबडघाव आणि शंकरनारायण यांचे भारतीय तृणाच्छादनावरील १९७३ चे सर्वेक्षण अतिशय कष्टपूर्वक केलेले आहे. पवना, मारवेल, कुसळी या गवतांच्या समूहांची नोंद त्याच्याइतकी बारकाईने क्वचितच कोणी केली असेल. तथापि हे गवतही वनाच्या वाटेवर थबकलेली एक अवस्था आहे, हा निष्कर्ष त्यांनीही कायम ठेवला. वर्णन माळाचे आणि मापदंड वनाचा, असा हा प्रकार होता.

जयश्री रत्नम, महेश शंकरन आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये नेमका हा मापदंडच तपासावयास घेतला. वन कशाला म्हणावे आणि सॅव्हाना कशाला, हे झाडांच्या संख्येवरून ठरत नाही. झाडांखाली काय वाढते यावरून ते ठरते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. सॅव्हानातील गवते प्रकाशसंश्लेषणाची एक विशिष्ट, चार-कार्बनी पद्धत वापरतात. ती तीव्र उन्हात व उष्णतेत अतिशय कार्यक्षम असते; मात्र सावली तिला सोसत नाही. या गवतांसोबत वाढणारी झाडेही वनातल्या झाडांहून स्वभावाने वेगळी असतात : साल जाड, फांद्यांना काटे, आणि आगीत वा तोडीत खोड गेले तरी मुळापासून पुन्हा फुटण्याची शक्ती. आग आणि चराई हे अशा परिसंस्थेवर बाहेरून कोसळलेले संकट नसून तिच्या घडणीचाच भाग आहेत. हिवर, खैर, बोर, पळस ही झाडे या दृष्टीने पाहिली असता, ती उद्ध्वस्त अरण्यातून वाचलेली मागे राहिलेली मंडळी वाटत नाहीत. ती आपल्या घरीच आहेत. आशियातील सॅव्हाना वनांच्या नाशातून अलीकडे निर्माण झाल्या, हे मतही याच संशोधकांनी २०१६ मध्ये खोडून काढले. भारतीय उपखंडाच्या उत्तरेकडील शिवालिक टेकड्यांच्या निक्षेपांत या गवतांच्या प्रसाराच्या खुणा सत्तर-ऐंशी लाख वर्षांमागे जातात.

हा वाद केवळ नामकरणाचा असता तर तो तज्ज्ञांवर सोपवता आला असता. परंतु नावावरून जमिनीचे भवितव्य ठरते. महसुली व्यवहारात माळाची गणना ‘पडीक’मध्ये होत आली; १९८५ मध्ये तर पडीक जमिनींच्या विकासासाठी राष्ट्रीय मंडळच स्थापन झाले. जे पडीक ते लागवडीखाली आणावे, जे उजाड ते वनाच्छादित करावे, हा त्यापुढचा क्रम ओघानेच येतो. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी वृक्षलागवडीचे लक्ष्य ठेवले होते. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र माळावर खड्डे घेऊन गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावली की सावलीने गवत जाते आणि गवताबरोबर त्यावर जगणारे सर्व काही जाते. माळढोक या पक्ष्याच्या नावातच त्याचा अधिवास सांगितलेला आहे. त्याच्यासाठी नान्नजच्या परिसरात १९७९ मध्ये अभयारण्य घोषित झाले, आणि तरीही राज्यातून तो जवळजवळ नाहीसा झाला. एम. डी. मधुसूदन व अबी तामीम वनक यांनी केलेल्या नकाशांकनानुसार देशाच्या भूभागापैकी सुमारे १० टक्के क्षेत्र अशा मोकळ्या, अर्धशुष्क नैसर्गिक परिसंस्थांचे आहे आणि त्यातील ५ टक्क्यांहूनही कमी संरक्षित क्षेत्रांत येते. मोडलेला माळ पुन्हा उभा राहण्यास किती अवधी लागतो, याचे उत्तर आशिष नेर्लेकर व जोसेफ वेल्डमन यांनी २०२० मध्ये जगभरच्या अभ्यासांवरून दिले : किमान एक शतक, आणि बहुधा त्याहून कितीतरी अधिक.

माळाचे प्राचीनत्व सिद्ध करण्यात अडचण पुराव्याची आहे. तळ्यांच्या गाळात साठलेले परागकण हा परिसंस्थांच्या इतिहासाचा नेहमीचा दस्तऐवज. परंतु कोरड्या दख्खनमध्ये असा गाळ फारसा मिळत नाही. या टप्प्यावर नेर्लेकर यांनी पुरातत्त्वाचे अभ्यासक दिग्विजय पाटील यांच्यासह २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास महत्त्वाचा ठरतो. तेराव्या शतकापासूनच्या मराठी ग्रंथांतून, कथा-गीतांतून आणि लोकपरंपरेतून पश्चिम महाराष्ट्रातील वन्य वनस्पतींचे स्थाननिश्चित उल्लेख त्यांनी गोळा केले. हाती आलेल्या ४४ वनस्पतींपैकी सुमारे दोन-तृतीयांश वनस्पती सॅव्हानाच्या निदर्शक निघाल्या. घनदाट वनाच्या निदर्शक मात्र नगण्य. सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या एका रचनेत नीरेच्या खोऱ्यातील वसाहतीची कथा येते. तेथे गुराखी आकृष्ट झाले ते विपुल गवतामुळे. यावरून निघालेला निष्कर्ष असा की, येथील माळ किमान ७५० वर्षांचा आहे. आगगाडीच्या स्लीपरांसाठी आणि जहाजांसाठी झालेल्या वसाहतकालीन वृक्षतोडीने तो निर्माण झाला, ही सर्वत्र रूढ असलेली समजूत देशावरच्या या टापूपुरती तरी टिकत नाही. सह्याद्रीच्या घाटांत आणि कोकणात त्या तोडीने काय केले, हा प्रश्न अर्थातच वेगळा.

साहित्याभ्यासकाला येथे पहिला आक्षेप सुचेल तो कविसमयाचा. संस्कृत महाकाव्यातील वनवर्णनांत परस्परांशेजारी कधीही न उगवणारी झाडे एकत्र नांदतात. ती यादी भूगोलाची नसून अलंकारशास्त्राची असते. आख्यानक कवींनी हा वारसा मराठीत आणला. तेव्हा पंडिती आख्यानातील आम्र-चंदन-तमालांची गणना पुरावा म्हणून बाजूला ठेवणे इष्ट. महानुभावीय गद्याचे तसे नाही. ‘लीळाचरित्र’ रचणाऱ्या म्हाइंभटांचा आग्रह घटनेच्या तपशिलावर होता, शोभेवर नव्हता. अमुक लीळा कोठे घडली, त्या वेळी कोण उपस्थित होते, स्वामी कोणत्या झाडाखाली आसनस्थ झाले, हे त्यांच्या दृष्टीने श्रद्धेचेच विषय होते. ‘स्थानपोथी’ तर चक्रधरांच्या पदस्पर्शाने पवित्र झालेल्या जागा पुढील पिढ्यांना सापडाव्यात, एवढ्याचसाठी दिशा-अंतरांसह सिद्ध झाली. भक्ताला जेथे डोके टेकायचे आहे तेथे झाड चुकीचे लिहून चालत नाही. गोदावरीच्या खोऱ्यातील पैठण, डोमेग्राम या कोरड्या टापूंविषयी इतकी काटेकोर साक्ष दुसऱ्या कोणत्याही समकालीन लेखनात मिळणे कठीण.

अर्थात या साक्षीलाही पाठचिकित्सेचे बंधन आहे. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत नष्ट झाल्यावर ते स्मरणातून पुन्हा उभे करण्यात आले, पाठपरंपरा अनेक झाल्या, आणि शं. गो. तुळपुळे व वि. भि. कोलते यांच्या संपादनांत भेद आहेत. एखादे झाड तेराव्या शतकातले की नंतरच्या लेखनिकाच्या परिचयातले, हे प्रत्येक ठिकाणी तपासावे लागते. ‘ज्ञानेश्वरी’बाबत अडचण निराळी : ती प्रवराकाठी नेवाशास, म्हणजे याच शुष्क प्रदेशात, १२९० मध्ये सिद्ध झाली असली तरी तीत निसर्ग येतो तो मुख्यतः दृष्टान्तातून. दृष्टान्त श्रोत्याच्या परिचयाचा असावा लागतो, एवढे खरे. पण तो जागेला बांधलेला नसतो. वनस्पतींच्या नावांचाही प्रश्न आहे. एकच नाव दोन जिल्ह्यांत दोन झाडांना असते, आणि सातशे वर्षांत ते एका झाडावरून दुसऱ्यावर सरकूही शकते.

संतचरित्रांतील चमत्कार या कामी अडथळा ठरत नाहीत. पंढरपुरात कान्होपात्रेच्या देहाच्या ठायी तरटीचे झाड उगवले, अशी परंपरा आहे आणि विठ्ठलमंदिराच्या आवारात ते स्मारक म्हणून पुजले जाते. मंगळवेढ्याच्या कन्येचे असे रूपांतर झाले की नाही, हा इतिहासाचा विषय होऊ शकत नाही. परंतु परंपरेने यासाठी चंदन किंवा बकुळ न निवडता भीमेकाठच्या मुरमाड जमिनीत वाढणारी काटेरी तरटी निवडली, हे लक्षणीय आहे. संकेताने सुचवलेले झाड टाळून जेथे स्थानिक झाड येते, तेथे साक्षीचे वजन वाढते. कठीण पाठाला प्राधान्य देणाऱ्या संपादकाला हा तर्क अनोळखी नाही.

या दृष्टीने गुंथर सोंथायमर यांचे १९७६ चे बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबाविषयक संशोधन आणि रा. चिं. ढेरे यांचे ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) पुन्हा वाचण्याजोगे आहे. दोघांचेही लक्ष दैवतांच्या गोपालक-मेंढपाळ मुळांकडे होते, गवताकडे नव्हते. पण धनगर जेथून आले, जेथे थांबले आणि ज्या वाटांनी देव त्यांच्या मागे आला, त्या वाटा चराईच्या आहेत. जेजुरीच्या डोंगरावर निम्म्या वाटेत बाणाईचे स्थान आहे आणि म्हाळसा वर गडावर. वाणी आणि धनगर या दोन जगांची ही मांडणी माळाच्या अर्थव्यवस्थेशी जुळणारी आहे. मेंढपाळांनी वनाचा नाश करून माळ केला, हे जुन्या वनशास्त्राचे आवडते विधान. माळ आधीपासून होता म्हणून मेंढपाळ संस्कृती येथे रुजली, असा उलट क्रम आता अधिक संभाव्य दिसतो.

शब्दांची उलटापालट मराठीपुरती मर्यादित नाही. फ्रान्सिस झिमरमन यांनी आयुर्वेदाच्या संहितांचा अभ्यास करून दाखवले की, ‘जांगल’ म्हणजे कोरडा, मोकळा, शमी-खैर-बोरांचा आणि हरिणांचा देश. दाट व दमट प्रदेशाला ‘आनूप’ म्हणत. त्याच जांगलाचे ‘जंगल’ झाले, ते इंग्रजीत गेले आणि घनदाट अरण्याचा अर्थ धारण करून परतले. चरकाच्या दृष्टीने जांगल हा आरोग्यदायी देश होता. तमिळ तिणै-व्यवस्थेत तर गोपालकांच्या ‘मुल्लै’ला स्वतंत्र भूप्रदेशाचे, स्वतःच्या फुलाचे आणि स्वतःच्या भावावस्थेचे स्थान आहे. उलट ‘पालै’ हा होरपळलेला प्रदेश मूळचा न मानता इतर भूमी उन्हाने बदलून झालेला मानला गेला. म्हणजे मोकळी भूमी स्वयंभू की विकृत, हा आजचा वैज्ञानिक वाद एका प्राचीन काव्यशास्त्राने दोन वेगळ्या संज्ञा योजून मिटवला होता. मराठी काव्यशास्त्राने माळासाठी असे काही केले नाही. संस्कृताकडे तोंड करून बसलेल्या परंपरेला ‘वन’ आणि ‘उपवन’ पुरेसे वाटले.

७५० वर्षांच्या साक्षीने सर्व काही सिद्ध होते असे नाही. त्याआधीच माणसाने वन जाळून माळ केला असेल, ही शंका उरते. घोड नदीकाठच्या इनामगावात इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास शेतकरी वस्ती होती आणि तिच्या उत्तरकाळात पशुपालनाकडे कल वाढला, हे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननांतून दिसले आहे. तेव्हा मनुष्य या भूमीवर तीन हजार वर्षांहून अधिक काळ आग आणि गुरे घेऊन वावरतो आहे. परंतु सालीची जाडी, मुळांतून फुटण्याची क्षमता आणि केवळ उघड्या माळावरच आढळणाऱ्या प्रदेशनिष्ठ वनस्पती इतक्या अल्प काळात उत्क्रांत होत नाहीत. वाङ्मयीन साक्ष येथे थांबते आणि जीवशास्त्रीय साक्ष पुढे चालू होते. दोहोंचा रोख एकाच दिशेला आहे.

मराठी ग्रंथांचे वाचनही अद्याप अपुरे आहे. ‘स्थानपोथी’तील झाडांची स्थाने आजच्या नकाशावर मांडणे, पाठभेदांतून नावांचा माग काढणे आणि भीमा-सीना खोऱ्यांतील कन्नड शिलालेखांत येणाऱ्या गायरानांच्या व सीमावृक्षांच्या नोंदी त्यांच्याशी ताडून पाहणे, हे काम एका भाषेच्या अभ्यासकाला एकट्याने पेलणारे नाही. सोलापूर-विजापूरच्या सीमेवर माळ भाषा बदलतो, गवत बदलत नाही.