दाबा, थांबा, मग बोला

न्यू जर्सीत लेकीकडे राहायला गेलेल्या आईबाबांची थंडीतली फेरी हमखास वॉलमार्टमध्ये होते. बाहेर बर्फ, आत ऊब आणि चालायला भरपूर जागा. तिथल्या एखाद्या कर्मचाऱ्याला विचारून बघा, ‘याच बुटात आठ नंबर मिळेल का?’ तो मान किंचित खांद्याकडे वळवतो, बटण दाबतो, चार शब्द बोलतो आणि तुमच्याकडे बघून हसतो. आतल्या गोडाऊनमध्ये कुणीतरी खोका शोधायला लागलेलंही असतं.

वॉकीटॉकी म्हटलं की आपल्याला विसर्जनाच्या बंदोबस्तातले पोलीस आठवतात. पण मोठमोठी दुकानंही याच यंत्रावर चालतात, आणि त्याच्या गोष्टी भलत्याच मजेदार आहेत.

आधी पसारा बघा. वॉलमार्टचं एक सुपरसेंटर सरासरी 1 लाख 80 हजार चौरस फुटांच्या आसपास असतं, म्हणजे चार एकरांचं शेतच, फक्त पिकाच्या जागी लोखंडी रॅक. एवढा पसारा सांभाळणाऱ्या सेटची ताकद असते एक ते दोन वॉट. घरातला साधा एलईडी बल्ब नऊ वॉट खातो!

बरेच सेट 460 मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. तिथे लहरीची लांबी साधारण 65 सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम दीड हात. अशी आखूड लहर दारं, फटी, रॅकमधल्या बोळांतून सहज वाट काढते. 154 मेगाहर्ट्झची लहर जवळजवळ दोन मीटर लांब. ती मोकळ्या मैदानात छान पळते, दुकानाच्या आत मात्र आखूड लहर जास्त सोयीची.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट: रंगीत ठिपका. दुकानातल्या कुणाला मेगाहर्ट्झचे आकडे पाठ करायला वेळ आहे? म्हणून अमेरिकेत सेटवर किंवा खोक्यावर रंगाचा ठिपका लावायची पद्धत पडली. निळा ठिपका म्हणजे 154.570, हिरवा म्हणजे 154.600, पिवळा म्हणजे 464.550. नवा सेट घेताना रंग जुळवायचा, की झालं काम. ठिपक्यांच्या जोडीला तारेही आले: चंदेरी, सोनेरी, लाल, निळे. निळ्या आणि हिरव्या ठिपक्यांच्या वारंवारिता 2000 साली तिथल्या सरकारने विनापरवाना वापरासाठी खुल्या केल्या. लहर लांब असली तरी वॉलमार्टच्या दुकानांत वर्षानुवर्षं त्याच वाजत आल्या.

मग शेजारच्या दुकानाचं बोलणं आपल्या सेटवर का येत नाही? सेट आवाजाबरोबर एक खर्जातला सूर गुपचूप पाठवतो, 67 ते 254.1 हर्ट्झमधला. तोच सूर लावलेला सेट तोंड उघडतो, बाकीचे गप्प. याला ‘प्रायव्हसी कोड’ म्हणतात खरं, पण तो गुप्तता देत नाही. सूर न लावलेला सेट सगळं ऐकतो. त्यामुळे गल्ल्यातल्या रकमेचा आकडा वॉकीटॉकीवर कधीच सांगायचा नाही.

हे यंत्र नावारूपाला आलं ते मात्र युद्धात. दुसऱ्या महायुद्धात मोटोरोलाचा पाठीवरचा सेट सुमारे 16-17 किलोचा होता. हातातला ‘हँडी-टॉकी’ही सव्वादोन किलोंच्या घरातला. 1969 साली चंद्रावरचा आवाज पृथ्वीवर आणणारं यानातलं रेडिओयंत्रही याच कंपनीचं. आज बुटाच्या विभागातल्या पोराच्या कमरेला बरेचदा तिचाच सेट असतो, कधी कधी तर मोबाइलपेक्षाही हलका.

बोलायचीही एक रीत असते: बटण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला. घाई केली तर पहिला शब्द गिळला जातो. ‘नका पाठवू माल वर’ यातला ‘नका’ गेला, की समोरच्याला ऐकू येतं ‘पाठवू माल वर’. घ्या, माल आला वर! ही अडचण फार जुनी. 1937 पासून इलिनॉय राज्य पोलिसांच्या चार्ल्स हॉपर यांनी ‘टेन-फोर’सारखे संकेत बसवले, तेव्हा प्रत्येकाआधी ‘टेन’ लावला तो याचसाठी. तेवढ्या वेळात प्रक्षेपक पूर्ण जोर धरायचा. आणि दोघांनी एकदम बटण दाबलं तर? ज्याचा सिग्नल जोरकस तो ऐकू येतो, दुसरा जवळपास पुसलाच जातो.

एक गोष्ट मात्र मजेची नाही, पण ती सांगायलाच हवी. 1981 च्या जुलैत फ्लोरिडातल्या हॉलीवूड शहरात सिअर्सच्या दुकानातून अ‍ॅडम वॉल्श हा सहा वर्षांचा मुलगा नाहीसा झाला. तो जिवंत परतला नाही. 1994 मध्ये वॉलमार्टने त्याच्या नावाने ‘कोड अ‍ॅडम’ सुरू केला. मूल हरवल्याचं कळताच कर्मचारी पालकांकडून वर्णन घेतो: वय, केस, कपडे आणि बुटांचा रंगसुद्धा. सदरा झटकन बदलता येतो, बूट तितक्या सहज नाही. मग ‘कोड अ‍ॅडम’ हे दोन शब्द सगळ्या दुकानभर जातात. हातातलं काम टाकून लोक शोधायला लागतात, दारांवर माणसं उभी राहतात. दहा मिनिटांत मूल सापडलं नाही तर पोलिसांना फोन. 2003 साली अमेरिकी कायद्याने केंद्र सरकारच्या इमारतींनाही अशी व्यवस्था सक्तीची केली. बुटाचा नंबर विचारणाऱ्या त्याच बटणावर एवढी मोठी जबाबदारीही येऊ शकते, हे कळल्यापासून मी त्या सेटकडे आदराने बघतो.

आता स्मार्टफोनही या कामात उतरलाय. 2021 मध्ये वॉलमार्टने 7 लाख 40 हजार कर्मचाऱ्यांना फोन द्यायचं जाहीर केलं. त्यांच्या अ‍ॅपमध्ये काय असावं? दाबून बोलायचं बटण!

आणि हो, आईबाबा, परतीची बॅग भरताना एक बघा. नातवाने हौसेने दिलेली वॉकीटॉकीची जोडी तिकडे 462 मेगाहर्ट्झवर विनापरवाना चालते. भारतात हातातल्या अशा सेटना परवान्याशिवाय मोकळीक आहे ती 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, तीही ताकद कमी असेल तरच. खोक्यावरचा आकडा वाचा. 462 असेल तर जोडी नातवाकडेच राहू द्या, पुढच्या थंडीत पुन्हा खेळता येईल.